साडूंचं जहाज

युद्ध चालू होतं तेवढे दिवस मी माझ्या साडूंना रोज चुकीचं जहाज दाखवलं. मुद्दाम नाही, मुद्दाम काही करायचं तर डोकं लागतं. नाव बरोबर होतं, मोबाईल बरोबर होता, समुद्रसुद्धा बरोबर होता, फक्त जहाज दुसरं होतं. आणि ही चूक ज्यांच्या वाट्याला आली ते आमचे साडू म्हणजे जगाच्या पाठीवर असा एकच माणूस, की साक्षात शत्रू तोफ घेऊन दारात उभा राहिला तरी ते आधी त्याला गूळ-पाणी देतील आणि 'उन्हातनं आलासा, जरा टेका' म्हणून तोफ सावलीला लावायला सांगतील.

कोल्हापूरच्या बाहेर, नदीच्या अंगाला साडूंचं गुऱ्हाळ. ऊस गाळायचा, रस भल्यामोठ्या काहिलीत आटवायचा आणि गूळ पाडायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. पण मला विचाराल तर गूळ विकणं हा त्यांचा जोडधंदा. मूळ धंदा गूळ वाटणं. दारात आलेला माणूस कोण, कशाला आला, हे ते विचारतच नाहीत. आधी हातावर गुळाचा खडा, मग तांब्या, मग चौकशी. एकदा विजेचा मीटर बघायला माणूस आला, तो गूळ खाऊन, वर बाटलीभर काकवी घेऊन निघून गेला आणि मीटर बघायचा राहिला. दुसऱ्या दिवशी परत आला, तो बायकोला घेऊन. माणूस गूळ कसा खातो यावरून त्याची पारख करायची, हा साडूंचा आणखी एक नाद. चघळणारा भरवशाचा, कडाकडा फोडणारा उतावळा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा थोरले जावई म्हणून मला बघायला तेच आले होते. घाबरून मी खडा तसाच गिळला. "पोरगं वाईट न्हाय," त्यांनी सासऱ्यांना निकाल सांगितला, "पण गिळतंय. तोंडात काय हाय ते ह्याला पोटात गेल्यावर कळणार." त्या गोष्टीला आता जन्म लोटला. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो, आणि ते मात्र मला अजून 'पावणं'च म्हणतात. बहुधा खडा अजून पचलेला नाही.

फोनवर बोलताना ते अंतराच्या हिशेबानं आवाज लावतात. राजारामपुरीत माझ्याकडे फोन असला तर बसून, जयसिंगपूरला असला तर उभं राहून, आणि मुंबईला असला तर गच्चीवर जाऊन. फोनचा आणि अंतराचा संबंध नसतो, हे मी त्यांना एकदा समजावलं. ते म्हणाले, "फोनचा नसंल, माणसाचा असतोय की." समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला, गणपतीपुळ्याला. सगळे लाटांत खेळत होते तेव्हा ह्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि समुद्राकडे पाठ करून बसले. "एवढं पाणी," म्हणाले, "आणि एक कांडं ऊस भिजायचा न्हाय ह्याच्यावर."

अशा माणसाचा जीव पुढे समुद्रात अडकायचा होता. झालं असं, की गेली काही वर्षं गुऱ्हाळ चालवणं जिकिरीचं झालं होतं. काहिलीशी उभं राहायला माणसं मिळत नव्हती, आजूबाजूची गुऱ्हाळं एकेक करून विझत होती, ऊस सरळ साखर कारखान्याला घालणारे सुखी होते. साडूंच्या पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तिला सगळे आक्का म्हणतात. आक्का कमी बोलते, पण बोलली की त्यावर अपील नाही. तिने सांगून टाकलं, "ह्या हंगामाला चांगलं गिऱ्हाईक लागलं तर चालवा. न्हाय लागलं तर काहील पालथी घाला आणि ऊस कारखान्याला द्या. माझ्यानं आता धुरात उभं ऱ्हावत न्हाय." आणि नेमकं त्याच हंगामात गिऱ्हाईक लागलं. आखातातला एक दुकानदार. त्याला बिनरसायनाचा, आपल्याकडचा पिवळाधमक गूळ हवा होता, एक कंटेनर भरून. माल नीट पोचला तर दर वर्षी घेईन म्हणाला. त्याच्याशी बोलायला साडू गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढले होते.

कंटेनर निघाला त्या दिवशी साडूंनी त्याला मैदान मारायला निघालेल्या पैलवानासारखा निरोप दिला. गुलाल झाला, नारळ झाला, हलगी झाली. ड्रायव्हरला गूळ-पाणी झालं. गूळ ट्रकने मुंबईच्या बंदरात गेला, जहाजावर चढला, आणि जहाज सुटल्यावर दोनच दिवसांत तिकडे युद्ध पेटलं.

युद्ध ह्या गोष्टीचा आम्हा कोल्हापूरकरांना तसा अभिमान. पण दुसऱ्याचं युद्ध आपल्या ताटात येतं कसं, हे तेव्हा कळलं. आखातातून येणारा गॅस अडला आणि हॉटेलवाल्यांना सिलिंडर मिळेनासे झाले. आमच्या राजारामपुरीतल्या मिसळवाल्याने 'जादा कट मिळणार नाही' अशी पाटी लावली. मिसळीवर फुकटचा तिखट रस्सा नाही, याला आमच्याकडे युद्धाची घोषणाच समजतात. इचलकरंजीत साडूंच्या एका दोस्ताचे माग होते. तेल भडकलं तसं तेलापासून होणारं सूत भडकलं, आणि त्याची रात्रपाळी बंद पडली. जगाच्या तेलाचा पाचवा हिस्सा एका चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जातो, हे वर्तमानपत्रांनी नकाशे काढून काढून सांगितलं. साडूंनी तो नकाशा एकदाच बघितला आणि म्हणाले, "जगाचा गळा हाय त्यो, पावणं. तिथं कुणी बोट घातलं की हितं आपल्याला ठसका."

गूळही त्या गळ्यापलीकडेच जायचा होता. साडूंची झोप उडाली. आणि इथे मी मदतीला धावलो. मी पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालो असल्यामुळे पाण्यावरच्या सगळ्या विषयांतला जाणकार मीच, असा माझा समज आहे. समुद्रावरची जहाजं नकाशात बाणासारखी दाखवणारं एक ॲप असतं, ते मी साडूंच्या मोबाईलवर घातलं. जहाजाचं नाव टाकलं. त्याच नावाची चार-पाच जहाजं आली. मी सगळ्यात वरचं दाबलं, कारण सगळ्यात वर असतं तेच मुख्य, हा माझा नोकरीतला अनुभव.

"लाल का हाय पण हे?" साडूंनी विचारलं. बाकीचे बाण हिरवे, निळे, आणि आमचा लाल.

"खाण्याचा माल असला की लाल दाखवतात," मी ताबडतोब सांगितलं. मला ठाऊक नव्हतं, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही असं खात्यात आम्ही कधी कुणाला सांगितलं नाही.

तेव्हापासून साडू त्या लाल बाणाचे झाले. बाण सामुद्रधुनीच्या तोंडाशी जाऊन थांबला होता, त्याच्या आजूबाजूला शेकडो जहाजं तशीच नांगर टाकून उभी. साडू सकाळी उठले की आधी बाण बघायचे, मग देव. गावातली माणसं बांधावरून विचारायची, "हललं का हो जहाज?" आणि हे काहिलीजवळून ओरडायचे, "उभं हाय अजून." पहिले काही दिवस चिंता गुळाची होती. उन्हात लोखंडी पेटीत गूळ पाझरतो, काळा पडतो. पण हळूहळू गूळ मागे पडला आणि साडूंना त्या जहाजावरची माणसं दिसायला लागली. जेवताना घास हातात धरून ते विचारायचे, "त्या पोरांस्नी जेवायला मिळत असंल का गं?"

"तुमी जेवा आधी," आक्का म्हणायची.

"डोक्यावरनं बाँब जात असतील. वर ऊन. पुढं जाऊ देत न्हाईत, मागं येऊ देत न्हाईत. आणि आई-बाप कुठंतरी फोनची वाट बघत. एखादा आपल्या कोकणातला असंलच त्यात."

"मग काय करणार तुमी हितनं?"

साडूंनी दोन घास खाल्ले, हात धुतला आणि मोबाईल घेऊन गच्चीवर गेले. मी त्या दिवशी तिथेच जेवायला होतो. आमच्या घरचा सिलिंडर संपला होता, दुसरा मिळत नव्हता, आणि ज्याच्या काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं जळतात त्याला आखाताशी काही देणंघेणं नसतं, हे लक्षात आल्यापासून मी सहकुटुंब त्यांच्याकडेच जेवत होतो. मीही मागोमाग गच्चीवर गेलो. माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या मुंबईच्या ऑफिसात साडूंनी फोन लावला होता, तिथली एक बाई स्पीकरवर बोलत होती. मुंबईला ऐकू जाईल अशा आवाजात साडू सांगत होते, "बाई, जहाजावर निरोप द्या. आत माझा गूळ हाय. पेटी फोडायला माझी परवानगी हाय. पोरांस्नी खाऊ दे म्हणावं. गूळ खायचा आणि वर पाणी प्यायचं, ऊन बाधत न्हाय. त्या दुकानदाराचं मी बघतो."

पलीकडे कॉम्प्युटरची बटणं वाजली. मग ती बाई हळू म्हणाली, "काका, तुमचं जहाज तिथे नाहीये. ते अर्ध्या वाटेवरूनच माघारी वळलं. तुमचा कंटेनर कधीच इथल्या बंदरात उतरवलाय. उन्हातच पडून आहे. सामुद्रधुनीच्या अलीकडच्या दुसऱ्या बंदरातून पाठवू का, असं विचारलं होतं मेसेजवर. तुमचं उत्तरच आलं नाही."

साडूंनी मेसेज पाहिला नव्हता. मोबाईल उघडला की ते थेट जहाज उघडायचे.

"मग हे लाल कुठलं?" साडूंनी विचारलं. बाईने नाव विचारलं, नंबर विचारला, आणि म्हणाली, "काका, हा तेलाचा टँकर आहे. नाव तेवढं सारखं."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "तेलाच्या टाकीत गूळ हुडकत बसलोवतो व्हय आपण." त्यातलं ते 'आपण' मला अजून टोचतं.

दुसऱ्या बंदरातून पाठवायला उशीर झाला होता. दुकानदाराने भलेपणानं सांगितलं, माल बिघडला असणार, नको. कंटेनर परत गुऱ्हाळावर आला. दार उघडलं तर खोकी भिजून एकमेकांना चिकटलेली, आणि पिवळाधमक निघालेला गूळ काळसर होऊन पाझरलेला. काही गावातल्या जनावरांना गेला, काही नदीकाठच्या मुंग्यांना. साडूंनी एक बोट लावून चव घेतली. "गोडी हाय अजून," म्हणाले. आक्का काही बोलली नाही, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. हंगाम संपला. पुढच्या हंगामाला ऊस कारखान्याला जायचं ठरलं. काहील घासून, पुसून पालथी घातली. मी हात लावायला गेलो तर साडू म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पावणं, काळं लागंल."

मला वाटलं, आता ते ॲप तरी काढून टाकतील. मी स्वतःच म्हटलं, "दाजी, द्या, काढून टाकतो." त्यांनी मोबाईल खिशात घातला. "त्या पोरांस्नी काय म्हायती, आपण चुकून बघत होतो ते?" म्हणाले. "रोज बघणारं एक माणूस हाय त्यांचं. सोडून कसं चालंल?"

मग बाकीचं जग त्या युद्धाला हळूहळू सरावलं. मिसळवाल्याची पाटी उतरली, वर्तमानपत्रांतले नकाशे लहान होत होत आतल्या पानावर गेले, इचलकरंजीची रात्रपाळी एक दिवस सोडून एक दिवस सुरू झाली. लाल बाण मात्र होता तिथेच. साडू रोज संध्याकाळी विझलेल्या चुलवाणाच्या कट्ट्यावर बसून तो बघायचे. गुऱ्हाळ चालू असताना तिथे बसणं शक्य नसायचं, एवढी धग. आता त्या दगडावर शेवाळासारखा गारवा आला होता, आणि मोबाईलचा उजेड तेवढा त्यांच्या तोंडावर.

एका रविवारी मी आणि बायको त्यांच्याकडे गेलो होतो. आक्का चहा गाळत होती. तेवढ्यात साडू कट्ट्यावरून उठून आत आले. आवाज अगदी बारीक. "हललं," म्हणाले. "गळ्यातनं भाईर पडलं. चाललंय बघा."

आम्ही सगळे मोबाईलवर वाकलो. बाण खरंच सरकत होता, मोकळ्या समुद्राकडे. साडूंनी डोळे पुसले आणि आतून गुळाचा डबा आणला. मोठ्या दुकानातून विकत आणलेला गूळ होता तो. त्यांच्या घरात विकतचा गूळ मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवला, रस्त्यानं चाललेल्या एका सायकलवाल्यालाही थांबवून दिला. "पोरं घरला चालली," त्याला म्हणाले. कुणाची पोरं, ते त्यालाही कळलं नाही, पण त्याने गूळ खाल्ला आणि "बरं झालं" म्हणाला.

माझाही ऊर भरून आला. अशा वेळी गप्प बसावं हे मला कळतं, पण जमत नाही. मी म्हणालो, "दाजी, चुकीचं का असेना, पण हे जहाज तुम्हाला मिळवून दिलं ते मीच."

आक्काने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला.

"व्हय की," ती म्हणाली. "आणि गुऱ्हाळ घालवलं तेबी तुमीच."