कोपीचं तोंड पूर्वेला

गुन्हा आणि शिक्षा या विषयावरचं संग्रहालय नगरला निघणार, हे पेपरात वाचलं तेव्हा मी मोठ्यानं हसले होते. म्हटलं, त्यासाठी तिकीट कशाला काढायचं? कोर्टाच्या आवारात लिंबाखाली तासभर बसलं की फुकटात सगळं दिसतं. पण नातीच्या शाळेला उद्घाटनाचं निमंत्रण आलं आणि प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक मोठं माणूस हवं होतं. मुलाला वेळ नव्हता, सुनेला रजा नव्हती. निवृत्त शिक्षिकेला रिकामीच धरतात, त्यामुळे माझी रवानगी झाली.

नात बारा वर्षांची, सातवीत आहे. गेल्याच महिन्यात तिनं 'मला अभिमान वाटणारी व्यक्ती' हा निबंध माझ्यावर लिहिला होता. माझ्या आजीनं न घाबरता कोर्टात साक्ष दिली आणि चोराला शिक्षा झाली, असं त्यात होतं. तो निबंध वर्गात वाचून दाखवला गेला. सुनेनं त्याचा फोटो काढून साऱ्या नातेवाइकांना पाठवला. कौतुकाचे फोन आले आणि मी ते घेतले. घ्यायला नको होते.

उद्घाटन व्हायचं तसंच झालं. पाहुणे दीड तास उशिरा आले, मुलं उन्हात ताटकळली, मग फीत कापली गेली. आत मात्र मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. 'हात लावू नये' अशी पाटी कुठंच नव्हती, उलट प्रत्येक गोष्टीला हात लावायचाच होता. जुन्या काळच्या बेड्या उचलून त्यांचं वजन अजमावायचं. पडद्यावर बोट टेकवलं की आपला ठसा मोठा होऊन समोर यायचा. एका कोठडीत शिरलं की दार मागून लागायचं आणि मिनिटभरानं आपोआप उघडायचं. त्या कोठडीपुढे मुलांची रांग लागली होती आणि सगळी हसत बाहेर येत होती. मला ते काही बरं वाटलं नाही. पण नातीच्या मैत्रिणींत आपण कुरकुरी म्हातारी ठरू नये म्हणून मी तोंड मिटून राहिले.

पुढच्या दालनावर 'पंच व्हा' असं लिहिलं होतं. पोलीस जागेची झडती घेतात तेव्हा बाहेरची दोन माणसं पंच म्हणून उभी करतात. त्यांच्या डोळ्यांसमोर जे मिळेल ते कागदावर लिहायचं आणि त्यावर त्यांनी सही करायची, तो पंचनामा. इथं एक खोटी खोली मांडली होती. खाट, ट्रंक, कपाट, भिंतीवर कॅलेंडर. मिनिटभर आत बघायचं, बाहेर यायचं आणि पडद्यावर उमटलेल्या पंचनाम्यावर बोटानं सही करायची. नात पडद्यापुढे पुटपुटत एकेक ओळ वाचत बसली. मागं रांग होती. मी शेजारच्या पडद्यावर झर्रकन सही केली आणि मोकळी झाले.

माझा पडदा लाल झाला. कपाटावर घड्याळ नव्हतं, तुम्ही न पाहिलेल्या वस्तूवर सही केली आहे, असं त्यावर ठळक अक्षरात आलं. पोरं खिदळली. नातीनं ते घड्याळ बरोबर पकडलं होतं आणि सही नाकारली होती.

"आजी, वाचायचं तरी!" ती म्हणाली. मग माझी बाजू सावरायला तिथल्या माहिती सांगणाऱ्या मुलीला म्हणाली, "ताई, पण माझ्या आजीनं खऱ्या कोर्टात साक्ष दिलीये. खऱ्या चोराला जेल झाली."

त्या मुलीचे डोळे चमकले. शेवटच्या दालनात साक्षीदाराचा पिंजरा होता, त्यात माईक होता. लोकांनी कोर्टकचेरीचा आपापला अनुभव तिथं सांगायचा, तो साठवला जाणार आणि पुढे येणाऱ्यांना ऐकता येणार. "आज पहिला आवाज तुमचाच होऊ दे आजी," ती म्हणाली आणि दंडाला धरून मला घेऊनच गेली. वर्गातली सगळी मुलं मागोमाग आली.

त्या पिंजऱ्यात चढायला लाकडाची एक पायरी होती. श्रीगोंद्याच्या कोर्टातही तशीच होती.

मी तेव्हा पस्तिशीत होते, श्रीगोंदा तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका. दिवाळी झाली की पाथर्डीकडून ऊसतोड टोळ्या यायच्या, माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहायच्या. त्यांची काही पोरं आमच्या शाळेत बसायची. त्यातली एक मुलगी पाचवीत होती. पाढे खणखणीत म्हणायची आणि माझ्या टेबलावरचा डस्टर रोज स्वतःहून झटकून आणायची. त्या वर्षी गावातल्या एका विहिरीवरची तांब्याची तार चोरीला गेली. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत हवालदार शाळेत आले. मी वह्या तपासत होते.

"बाई, दुसरा पंच घावंना," ते म्हणाले. "सरकारी मानूस असला की कोर्टात वजन पडतंय. एक सही द्या."

कागद लिहून तयार होता. अमक्याच्या कोपीत ज्वारीच्या पोत्याखाली तारेचं वेटोळं मिळालं, आम्ही पंचांनी समक्ष पाहिलं. मी माळाकडे फिरकलेसुद्धा नव्हते. पण आमच्याकडे पंचाची सही अशीच व्हायची. ग्रामसेवकानं, तलाठ्यानं, गुरुजींनी आपल्या खुर्चीवर बसूनच ती करायची. हवालदार ओळखीचे होते, नाही म्हणणं आखडूपणाचं दिसलं असतं. मी तांबड्या पेनानं करणार होते. त्यांनी स्वतःचं निळं पेन पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई तिला न्यायला आली. तेव्हा मला कळलं की तो अमका म्हणजे हिचा बाप. नाव मी कागदावर वाचलंच नव्हतं.

"बाई, नवराबायकू मिळून एक कोयता अस्तो," ती सांगत होती. "एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. ह्यो आत गेला. अर्ध्या कोयत्याला टोळीत कोन ठेवतंय? हिला न्यायाच पायजे."

मी म्हटलं, "अहो, लहान आहे ती." याहून जास्त काही म्हटलं नाही. सकाळी शाळेत येताना टोळी उसाच्या फडाकडे निघालेली दिसायची. आईच्या मागं ती मुलगी बापाचा कोयता खांद्यावर टाकून चाललेली असायची. मला बघितलं की हात जोडून "नमस्ते बाई" म्हणायची. आठवडाभर मी त्या वाटेनं आले, मग देवळामागच्या वाटेनं यायला लागले.

बाप आतच राहिला, कारण जामीन राहायला कोणी नव्हतं. खटला उभा राहिला तेव्हा तरी मी 'नाही' म्हणू शकले असते. कोर्टाच्या व्हरांड्यात हवालदारांनी मला पंचनामा पुन्हा वाचायला दिला. "वकील इचारतोय, कोपीचं तोंड कुनीकडं हुतं. पूर्वेला म्हना," ते म्हणाले. आणि वर म्हणाले, "आता न्हाई म्हनलात तर खोट्या सहीचं तुमच्यावरच येतंय, बाई." आवाज अगदी काळजीचा होता.

मी शपथ घेतली. सही माझी, म्हटलं. माझ्यासमोर झडती झाली, म्हटलं. वकिलानं खरंच विचारलं आणि मी म्हटलं, पूर्वेला. आरोपीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो गोंधळला होता. ही बाई माझ्या कोपीवर कधी आली होती, हे तो आठवत असावा. त्याला शिक्षा झाली. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी माझं कौतुक केलं, टाळ्या झाल्या. घरी आमच्या ह्यांनी ती गोष्ट चारचौघांत इतक्या वेळा सांगितली की मुलगा ती ऐकतच मोठा झाला आणि त्यानं ती नातीला दिली.

त्यानं तार चोरली असेलही. नसेलही. मला आजवर माहीत नाही.

हे सगळं मी पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. माईकपुढे तोंड उघडलं तेव्हा नेहमीचंच सांगणार होते, पण समोर नात होती, पहिल्या रांगेत, मैत्रिणीला कोपरानं ढोसत. त्या लाल पडद्याची लाज अजून अंगावर होती आणि तीच खोटी गोष्ट तिच्यादेखत पुन्हा सांगायची मला शिसारी आली. मी म्हणाले, "मी तार पाहिली नाही. कोपीचं तोंड कुठं होतं मला ठाऊक नाही. मी पाहिली ती एक मुलगी, बापाचा कोयता घेऊन फडावर जाताना. ते मला कोर्टात कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही."

टाळ्या वाजल्या नाहीत. वर्गशिक्षिका मुलांना पुढच्या दालनाकडे हाकायला लागल्या, पण पुढं दालनच नव्हतं. ती माहितीवाली मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आजी, आता पाहुणे हे ऐकायला बसतील. आजच्या दिवशी हे नको. पुसून टाकू या का? तुम्ही दुसरं काहीतरी छान सांगा ना." तिचाही आवाज काळजीचाच होता. पडद्यावर दोन चौकोन होते, 'जतन करा' आणि 'पुसा'. मी 'जतन करा' वर बोट दाबलं. मग माझी सही मागितली गेली, तेव्हा वरचा सगळा मजकूर चष्मा लावून वाचला आणि मगच सही केली. रांगेतल्या एका बापानं घड्याळ पाहिलं, मी त्याच्याकडे बघून डोळे वटारले. खरं सांगते, मला त्या क्षणी स्वतःबद्दल फार बरं वाटलं. छाती मोकळी झाली, पाय हलके झाले.

परतीच्या रिक्षात नात कडेला सरकून बसली. तिची पाण्याची बाटली सकाळपासून माझ्याकडे होती. ती तिनं माझ्या हातातून घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

"ती मुलगी केवढी होती?"

"तुझ्याहून लहान. पाचवीत होती."

"परत शाळेत आली?"

"नाही. हंगाम संपला आणि टोळी गेली."

"मग तू तिला शोधलंस का?"

"नाही."

"तेव्हा का नाही सांगितलंस कोर्टात?"

"घाबरले. नोकरी गेली असती."

गणित सुटत नसलं की करते तसा चेहरा तिनं केला.

"आणि आता?"

"आता कसली नोकरी? आता कोण काय करणार मला?"

"मग आज सांगितलंस, त्यात काय विशेष?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

रिक्षावाल्याला आमची गल्ली सांगायची राहून गेली आणि आम्ही घराच्या बऱ्याच पुढं गेलो. शेवटी तिनंच त्याला थांबवलं.