बाबांचा डावा हात

मंडळी, आजचाच प्रसंग लिहितोय.

वडखळजवळ आमचं गाव. वय झालेल्या बाबांनी झाडावर चढून कोयता चालवू नये, म्हणून मी बॅटरीवर चालणारी साखळीची करवत आणली. आज सकाळी आंब्याची एक फांदी पडवीच्या पत्र्यावर वाकली होती. मी बूट घालून येईपर्यंत बाबांनी करवत सुरूसुद्धा केली. उजव्या हातात करवत, डाव्या हातात फांदी. कोयत्याने तोडतात, अगदी तसं.

करवतीचं टोक मागच्या फांदीला लागलं आणि ती उसळून त्यांच्या अंगावर आली. डावी बाही टरकन फाटली. मनगटावर नुसता ओरखडा. थोडक्यात वाचले.

मी ओरडलो, "बाबा, ती दोन्ही हातांनी धरायची!"

बाबा गोंधळून म्हणाले, "मंग फांदी कोन धरनार?"

माझा राग तिथेच विरला. आयुष्यभर त्यांचा डावा हात फांदी धरत आलाय. नवीन करवत आल्याचं त्या हाताला कोण सांगणार?

दुपारी फांदीला दोर बांधला. मी लांब उभा राहून तो ताणून धरला आणि बाबांनी पाय रोवून, दोन्ही हातांनी फांदी कापली.

काम संपल्यावर आईने बॅटरी काढायला लावली आणि तांदळाच्या डब्यात ठेवली. म्हणाली, "दोर धराला मानूस असंल तवाच देईन."

उद्यापासून माझी डोलवीच्या कारखान्यात सकाळची पहिली शिफ्ट, म्हणजे सकाळी मी घरी नसणार. तुमच्या घरी दोर धरायला कोण असतं?