आप्पांच्या गाडीला पंख बसवायला आष्ट्याला

निघताना आप्पांनी एकच गोष्ट सांगितली. "वळनाला अंग तिरकं करू नको. ही गाडी तिरकी होत न्हाई."

आणि खरंच होत नाही! आप्पांच्या मोटारसायकलला मागं दोन्ही बाजूंनी जादाची चाकं आहेत. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून त्यांच्या उजव्या पायात जोर नाही, म्हणून ही चाकं, आणि मागचा ब्रेकसुद्धा हाताला. गाडी जुनी, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा इंजिनात जायच्या आधी जिथं एकत्र होतात तो भाग म्हणजे कार्बोरेटर). माण तालुक्यात दहिवडीच्या पुढं आमची वस्ती आहे, तिथून मी निघाले होते सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याला. सॅकमध्ये एक पाकीट, पाकिटात अॅल्युमिनियमचे दोन पातळ पंख. बोटाच्या पेराएवढे. त्यांच्यासाठी हा सगळा प्रवास.

का, ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वेडेपणा वाटेल. आमचं घर वर माळावर. आप्पांचं दुकान खाली फाट्यावर. तिथं ते मोटारी भरतात (विहिरीवरच्या पंपाची जळालेली मोटार उघडून तिला नवी तार गुंडाळायची). दोन्हीच्या मध्ये घाटी आहे, म्हणजे छोटा पण खडा चढ, आणि घाटीच्या वळणावर गाडी रोज दम सोडते. आप्पा, ती चाकं, मागं बांधलेली एखादी मोटार, एवढं तिला ओढवत नाही. दुसरा कुणी असता तर उतरून ढकलली असती. आप्पांना चढावर उतरता येत नाही. ते ब्रेक दाबून बसून राहतात. मग मी घरातून पळत खाली जाते आणि मागून ढकलत वर आणते. आठवीत होते तेव्हापासून. आईचे गुडघे गेलेत, तिला जमत नाही.

आणि आता मला पुण्यात नोकरी लागली होती! सोमवारी निघायचं होतं. "मी न्हाई जात," असं मी एकदाच म्हणाले. आप्पांनी हातातला पाना आपटला. "मग मी बी दुकान उघडत न्हाई. बसू घरात दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत." दुसऱ्या दिवशी मात्र शांतपणे म्हणाले, "तू गेल्यावर गाडी काढून टाकू. दुकान घरीच आनू." घरी! मोटार खांद्यावर घेऊन त्या माळावर कोण चढणार? म्हणजे दुकान बंदच. ते तसं म्हणाले नाहीत एवढंच.

मग मी जुन्या गाड्यांच्या एका ग्रुपवर धडाधड मेसेज टाकले. तिथं या पंखांबद्दल कळलं. कार्बोरेटरच्या तोंडात बसवायचे. आत येणारी हवा भरकटत नाही, सरळ पेट्रोलच्या सुईवर जाते, आणि गाडी कमी वेगातही ओढते, असं म्हणतात. मागवले. दहिवडीतल्या मेकॅनिकनं पाकीट हातातसुद्धा घेतलं नाही. "असलं काय मी बसवत न्हाई. उद्या बिघडली की माझ्या नावानं शिमगा." आष्ट्याच्या बाहुबली अण्णांनी मात्र ग्रुपवर उत्तर दिलं होतं: "नुसता कार्बोरेटर आणू नको. गाडी घेऊन ये. बसवणं सोपं आहे, जुळवणं अवघड."

वडूजला पेट्रोल भरलं. पंपावरच्या माणसानं आधी चाकांकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं. हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुमाला कवापासनं हाय हे?"

"मला काय न्हाई. गाडी वडलांची हाय."

तो ओशाळला. टाकीवर सांडलेलं थेंबभर पेट्रोल पुसतच राहिला. मी निघाले, पण ती नजर डोक्यातून जाईना. मी तिच्याखाली मिनिटभर होते. आप्पा जन्मभर आहेत, आणि घरी येऊन कधी एक शब्द बोलले नाहीत.

पुसेसावळीला वडापाव खाल्ला. तिथपर्यंत आपलाच मुलूख, कुसळं, बाभळी, कोरडा वारा. कऱ्हाड मागं पडलं आणि रस्ता दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस झाला. हवा जड, ओलसर. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मी गोगलगायीसारखी, आणि वळण आलं की अंग आपोआप तिरकं व्हायचं, गाडी सरळच्या सरळ जायची. पेठ नाक्यावर आत वळताना तर एका हातगाडीवरच्या केळ्यांपर्यंत पोचले! केळीवाली ओरडली, "आगं, आधी भाव तरी इचार!"

बाहुबली अण्णांचं गॅरेज आष्ट्यात रस्त्याला लागूनच आहे. अण्णा पन्नाशीचे, बारीक, कपाळाला गंध. गाडीला एक फेरी मारून म्हणाले, "ह्या चाकांवर माणमधनं आलीस? एकटी?"

"व्हय."

"मग गाडीला काय झालं न्हाई. झालं असंल तर तुझ्या कमरंला."

कार्बोरेटर काढला. फिल्टरकडच्या तोंडात पंख धरून बघितले. बसेनात. कानशीनं जरा घासायचं, फुंकर मारायची, परत बसवून बघायचं, असं किती वेळा केलं देव जाणे. शेवटी दोन्ही घट्ट बसले. अण्णांनी नखानं टिचकी मारली आणि कान लावला. "खडखडला न्हाई पायजे. सुटून आत गेला तर इंजिन संपलं."

गाडी चालू झाली. आवाज खरंच वेगळा होता, भरीव! मी ओरडलेच, "झालं!"

"काय झालं? आत्ता कुठं बसला."

अण्णा एक फेरी मारून आले आणि त्यांनी प्लग काढून दाखवला. काळा. "पेट्रोल जादा. विटकरी रंग आला पायजे." त्यांनी कार्बोरेटरचं झाकण उघडलं, सुई बाहेर घेतली. सुईला वरच्या बाजूला खाचा असतात, त्यांना ते घरं म्हणतात. एका घरात इवलीशी क्लिप. क्लिप वरच्या घरात घातली की सुई खाली बसते आणि पेट्रोल कमी जातं. मी डोळे फाडून बघत होते.

"अण्णा, पण चढ कुठाय इथं? कळणार कसं?"

"चढ कुठला आनू? नदीकाठ हा. वजन घालू." आणि त्यांनी शेजारच्या दुकानातून शेंगपेंडेची पोती आणून मागं बांधली.

काम निम्म्यात होतं, पण ऊन कललं तसे अण्णांनी हात धुतले. घर गॅरेजच्या मागंच. ते जैन, दिवस मावळायच्या आत जेवतात. मी म्हटलं, मी थांबते, तुम्ही जेवून या. काकू दारातूनच म्हणाल्या, "आणि मग तू कवा जेवनार? नंतर ताट न्हाई हं मिळायचं." आख्खा मसूर, भाकरी, शेंगाची चटणी, दही. कांदा-लसूण काही नाही आणि तरी मी लाज सोडून जेवले.

जेवताना अण्णा म्हणाले, "वडलांना म्हाईत हाय का, ह्यानं कदाचित काय व्हनार न्हाई?"

"व्हय. ते म्हनले, तुझी हौस होऊ दे."

"आणि तुला म्हाईत हाय?"

मी भाकरीचा तुकडा मोडत बसले. काकूंनी न विचारता ताटात दही वाढलं आणि अण्णांना म्हणाल्या, "जेवू द्या की तिला." रात्री त्यांच्याच घरी राहिले.

सकाळी पोत्यांसकट परत फेऱ्या. हवेचा स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर. शेवटी प्लग विटकरी आला, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू चालतानाही गचके न खाता पोती ओढत होती. अण्णा फक्त "हं" म्हणाले. मला तेवढं पुष्कळ होतं. सुईची वेगवेगळी घरं, इंजिनाचे वेगवेगळे आवाज डोक्यात घोळवत मी निघाले.

पुसेसावळीच्या पुढं रस्त्याचं काम चाललेलं, धुळीचा लोट. थांबले आणि सॅकमधून फडकं काढून फिल्टरच्या तोंडाला बांधलं. आमच्याकडं सगळेच बांधतात, जुन्या लुगड्याचं फडकं. आमची धूळ पिठासारखी, ती कुठंही शिरते. परक्याच्या दारात गाडी स्वच्छ न्यावी म्हणून मी घरून निघतानाच ते काढून धुऊन ठेवलं होतं.

वडूज ओलांडलं आणि गाडी गुदमरायला लागली. मागं काळा धूर. मग बंद. परत चालू केली, परत बंद. एका पत्र्याच्या एसटी थांब्यापर्यंत मी ती ढकलत नेली. ढकलायची मला सवय आहे. पण त्या दिवशी ढकलताना रडायला आलं. कारण मला वाटलं, संपलं. दुकान गेलं.

फोन लावला.

"अण्णा, बंद पडली. काळा धूर येतोय."

"मधी काय केलंस?"

"काय न्हाई. फडकं बांधलं फक्त."

"कसलं फडकं?"

सांगितलं.

"आगं बाई. काल बांधलं असतंस तर मी तसंच जुळवलं असतं की. आता हवा कमी झाली आणि पेट्रोल तेवढंच."

"आमच्यात सगळ्यांच्याच गाडीला असतंय. सांगायचं सुचलंच न्हाई."

"आमच्यात कुनाच्याच न्हाई. मला बी इचारायचं सुचलं न्हाई. सोड ते फडकं."

"सोडलं तर धूळ जाईल, अण्णा. रोजची धूळ हाय आमच्याकडं."

"मग सुई आनखी एक घर खाली घे. काल बघितलंस न्हवं? प्लग पुस आणि कर."

मी ओढणी खाली अंथरली आणि झाकण उघडलं. एवढ्यात मेंढरं आली, मागं एक म्हातारे मेंढके. "काय गं, पोट दुखतंय व्हय तिचं?"

"जादा प्यालीया, आजोबा. मेंढरं जरा थांबवा, धूळ उडंल."

"थांबवतो की. त्यांना कुठं हापिसात जायाचंय."

ते खरंच थांबले, काठी आडवी धरून. क्लिप माझ्या बोटातून उडाली ती ओढणीवरच पडली, नशीब. वरच्या घरात ती बसली तेव्हा टिक असा बारीक आवाज आला. प्लग पुसला, सगळं बंद केलं. बटण दाबलं. चालू! धूर नाही! आजोबांनी काठी उचलली, मेंढरं गेली, आणि मी तिथं एकटीच मोठ्यानं हसत बसले.

फाट्यावर पोचले तेव्हा आप्पा दुकान आवरत होते. आदल्या दिवशी जातानाच मी त्यांना तिथं सोडलं होतं, आणि गाडी नाही म्हणून रात्री ते दुकानातच झोपले होते. पंख बघितले नाहीत, काही विचारलं नाही. भरलेली एक मोटार दाखवून म्हणाले, "ही मागं बांध. रिकामी चढली तर काय उपेग?"

घाटीच्या पायथ्याशी ते म्हणाले, "तू हितंच थांब."

गाडी वर गेली. मी आवाजावर कान लावून उभी. वळण आलं. आवाज खाली आला, आणखी खाली, आणि थांबला.

मी कशी पळाले मला ठाऊक नाही. वळणावर आप्पा ब्रेक दाबून बसले होते. मी मागं हात लावला.

"हात काढ. बंद पडली न्हाई. मी थांबवली."

"का पन?"

"रोज रस्ता मोकळा असतोय व्हय? कुनाची शेरडं आडवी आली तर थांबावं लागंलच. थांबून परत निघाली तर खरं."

त्यांनी बटण दाबलं, पहिला गिअर टाकला, ब्रेक हळूहळू सोडला. गाडी वीतभर मागं आली. माझे हात पुढं गेले आणि मी ते मागं ओढून घेतले. मग इंजिननं खालच्या आवाजात जोर धरला, मागच्या चाकानं माझ्या पायांवर खडे उडवले, आणि गाडी निघाली. चालत्या माणसाच्या वेगानं. आप्पांनी मागं वळून बघितलं नाही.

ग्रुपवर मला विचारतात, किती फरक पडला. वेगात काहीच नाही. पंखांनी किती आणि सुईनं किती, तेही मला सांगता येत नाही. पण मी त्या वळणावर उभी होते आणि मला करायला काही काम नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्याच्या आधी मी रिकामे हात उगीचच ओढणीला पुसले.

चालत वर निघाले. हा चढ मी नेहमी वाकून, रस्त्याकडं बघत चढलेय. त्या दिवशी सरळ चढले. माळ लांबपर्यंत दिसत होता.

वर पोचले तर आप्पा गाडीवर बसूनच मोटारीची दोरी सोडत होते.

"सोमवारची यष्टी कितीला हाय?" त्यांनी विचारलं. "फाट्यापतोर मी सोडतो."