आभाळ साफ आहे

नरजित रोकाया वैमानिक झाला तेव्हा धुमाखोला गावात बोकड कापला होता. त्याची मोठी बहीण धनसरा त्या दिवशी भेटेल त्याला सांगत होती, "ही धावपट्टी बांधताना पाठीवर दगड वाहिलेत मी. आता माझाच भाऊ उतरणार तिच्यावर!" आईबाप गेल्यावर तिनेच त्याला आपल्या सासरी आणून वाढवलं होतं. तिच्या नवऱ्याने, कर्णसिंह बुढाने, त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. नरजितला त्याने पोटच्या पोरासारखं खाऊ घातलं. नरजित त्याला भिनाजू, म्हणजे दाजी, म्हणायचा.

कर्णसिंह धावपट्टीवरच कामाला होता. पट्टी म्हणजे डोंगराच्या अंगावरचा चढता तुकडा, खालच्या टोकाला दरी आणि वरच्या टोकाला कडा. उतरायला गेलेल्या विमानाला शेवटच्या क्षणी पुन्हा वर उठायची सोय नाही. कर्णसिंहाने गुरं हाकलायची, वारा दाखवणारी कापडी नळी फाटली तर शिवायची आणि सकाळी खाली नेपाळगंजच्या विमानतळावरून फोन आला की विमान येतं त्या खिंडीकडे बघून हवा सांगायची. त्याच्या शब्दावर विमान निघायचं किंवा राहायचं.

त्याची मुलगी मनमती बाळंतपणात अडली, त्या सकाळी फोनवर नरजितच होता.

"भिनाजू, खिंड कशी आहे?"

"उघडझाप चाललीय. आत्ता दिसते, आत्ता नाही. पण तू ये रे. मूल आडवं आलंय, पोरगी धावपट्टीवर आणून ठेवलीय."

"निघालोच."

नदीच्या मोठ्या वळणापर्यंत दरी रुंद आहे. त्यापुढे ती इतकी आवळत जाते की आत शिरलेल्या विमानाला वळून परत येता येत नाही. नरजित वळणापाशी पोचला तेव्हा समोर कापूस कोंबल्यासारखं धुकं होतं. मागे मास्तरीणबाईंपासून तान्ह्या बाळापर्यंत प्रवासी बसले होते. तो उंच गेला, ढगांच्या वरून गावाच्या डोक्यावर आला, फट मिळते का बघत घिरट्या घालत राहिला. फट मिळाली नाही. इंधन परतण्यापुरतं उरलं तेव्हा त्याने विमान वळवलं.

मनमती दुपारी गेली, धावपट्टीच्या कडेलाच, गोधड्यांत गुंडाळलेली. मूलही गेलं.

तेराव्याला नरजित घरी आला, तेव्हा धनसराने त्याला पाणी दिलं आणि समोर बसून म्हणाली, "तिने आवाज ऐकला विमानाचा. डोळे उघडले. म्हणाली, मामा आला." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "आवाज लांब गेला, तोही ऐकला तिने."

कर्णसिंह भिंतीला टेकून बसला होता. "मी तुला खरं ते सांगितलं होतं," एवढंच तो पुटपुटला.

नरजित पुढे शिकवायला लागला. डोंगरात विमान चालवणाऱ्या नव्या मुलामुलींना तो आधी दरीत नेऊन परत फिरायला लावायचा. वळायला जागा आहे तोवरच वळा, हे त्याने इतक्यांदा सांगितलं की पोरांनी त्याचं नाव 'माघारी गुरुजी' ठेवलं. त्या पोरांत ललितपूरची निरुता महर्जन होती, तांबटाची मुलगी, हात अतिशय स्थिर आणि जीभ तितकीच तिखट.

"सर, तुमच्याकडे नुसतं परतायलाच शिकवतात. पोचायला कधी शिकवणार?"

"जिवंत राहिलीस तर शिकवीन," तो म्हणायचा, आणि सगळा वर्ग हसायचा.

खिंडीवर कॅमेरे लावा, हवा मोजायची यंत्रं बसवा, धावपट्टीवरच्या माणसांना शिकवा, असं तो काठमांडूला जाऊन साहेबांपुढे घसा कोरडा करायचा. साहेब चहा पाजून परत पाठवायचे.

निरुता कॅप्टन झाली. पुढच्याच पावसाळ्याच्या तोंडावर तांदूळ घेऊन धुमाखोल्याला निघाली. परतताना तिथल्या धनबीरच्या सुनेला आणायचं होतं. बाळंतपणानंतर तिचं रक्त थांबत नव्हतं. निघण्याआधी निरुताने फोन केला. कर्णसिंह म्हणाला, "आभाळ साफ आहे."

त्याच्या शब्दावर विमान नदीच्या वळणापुढे शिरलं आणि कड्यावर आदळलं. ती आणि तिचा सहवैमानिक, दोघंही गेली.

शोधायला गेलेल्या माणसांबरोबर नरजित चालत वर गेला. उतारभर तांदूळ सांडला होता आणि त्यावर कावळे बसले होते. कड्यावर पंख घासत गेल्याची लांब पांढरी खूण होती. वळायचा प्रयत्न पोरीने केला होता, पण दरी संपली होती. मृतदेह खाली नेणाऱ्यांना पुढे पाठवून तो गावाकडे उतरला.

कर्णसिंह धावपट्टीवर दगडावर बसला होता. नरजित उभाच राहिला.

"भिनाजू, काय सांगितलंत तिला?"

"साफ आहे म्हणालो."

"होतं?"

"नव्हतं."

"मग का सांगितलंत?"

"तुला खरं सांगितलं होतं ना?" म्हातारा मान वर न करता बोलला. "काय मिळालं मला? त्या दिवसापासून मी रोज साफच सांगतो. म्हटलं, येऊ देत, स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. जमलं तर उतरतील, नाही जमलं तर जातील. इतकी वर्षं निभावलं. धनबीरची सून रक्तात न्हायली होती रे. आणखी एक पोर इथे अशीच मरू द्यायची?"

धनबीरची सून वाचली होती. आरोग्य चौकीतल्या नर्सबाईने संध्याकाळपर्यंत रक्त थांबवलं होतं. विमानाची गरजच पडली नव्हती.

काठमांडूला चौकशी बसली. दिसत नसताना वैमानिक ढगात शिरली, तिचीच चूक, असं म्हणून मोकळं व्हायचा सगळ्यांचा कल दिसत होता. बाहेर बाकावर निरुताचे वडील टोपी हातात घेऊन बसून राहत. नरजितच्या साक्षीच्या आदल्या दिवशी धनसराचा फोन आला.

"तो आता म्हातारा झालाय. ती वैमानिक पोरगी तर गेलीच. तू गप्प बसलास तर कुणाचं काय जाणार आहे?"

"दिदी, तिचे आईवडील आहेत. लेकीवर ठपका येतोय त्यांच्या."

"मलाही लेक होती," धनसरा म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नरजितने ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. आपण साहेबांपुढे कॅमेरे मागत होतो तेही सांगितलं, पण ते अहवालात फार थोडं आलं. निरुताचं नाव अर्धं मोकळं झालं. कर्णसिंहाची नोकरी गेली, काही महिने जिल्ह्याच्या तुरुंगात काढून तो खोकत घरी आला आणि पुढल्या हिवाळ्यात गेला. नरजितला कळवलं ते क्रियाकर्म उरकल्यावर, आणि तेही शेजाऱ्याने.

खिंडीवर आता कॅमेरा आहे. नेपाळगंजला बसून पडद्यावर ढग दिसतात. गावातल्या एका बाईला शिकवून हवा सांगायला नेमलंय, आणि नाही म्हणताना ती कचरत नाही. त्यानंतर त्या दरीत विमान पडलेलं नाही. धुकं बसलं की मात्र विमान येत नाही, अशा दिवशी अडलेल्या बायांना पाठीवरच्या टोपलीत बसवून खाली नेतात, आणि त्यातल्या काही वाटेतच जातात. नरजित हे दोन्ही नव्या मुलांना सांगतो.

गेल्या वसंतात धनसरा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी विमानाने नेपाळगंजला उतरली. पांढरं लुगडं, हातात गाठोडं, पायऱ्या चाचपडत. नरजित तिथेच उभा होता. त्याने पुढे होऊन गाठोड्याला हात घातला. तिने मान वळवून हात ओळखला, आणि गाठोडं सोडलं. फाटकापर्यंत दोघं बरोबर चालली, तिच्या चालीने, उन्हातून. तो म्हणाला, "मी येऊ का दवाखान्यात?" रिक्षात बसून तिने गाठोडं मांडीवर घेतलं, रिक्षावाल्याला दवाखान्याचं नाव सांगितलं, आणि त्याला फाटकाशीच सोडून रिक्षा निघाली.