पाठीची माती

आमच्या ओढ्यात एक चपटा काळा धोंडा आहे. ओढ्याच्या अलीकडं आमची बौद्ध वस्ती, पलीकडं पाटलांची आळी, आणि वर करंजांच्या पलीकडं भैरोबाच्या देवळामागं कुस्त्यांचा आखाडा. धोंड्यावरून आखाडा दिसत नाही. तसूभरसुद्धा नाही. तरी पाटलांच्या आळीतली सगुणाबाई आयुष्यभर त्याच धोंड्यावर बसून कुस्त्या बघत आली.

बघत आली म्हणते, कारण ती तसंच म्हणायची. चैत्रात जत्रेच्या दिवशी दुपार कलली की वस्तीच्या तोंडाशी उभी राहून मला हाक मारायची, कुस्त्या बघायला चल म्हणायची. काखेत धुण्याचं गाठोडं. जत्रेच्या दिवशी कोण धुणं धुतं? पण बाईच्या जातीला रिकामं बसायला निमित्त लागतं. तेच चार कपडे आम्ही दोघी तासन् तास आपटायचो. माझ्या एका चोळीच्या बाह्या त्यातच विरल्या.

बायकांनी आखाड्यावर जायचं नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर निदान कुणीतरी खोडलं असतं. मला त्याचं फारसं वाटायचं नाही. आम्हा वस्तीवाल्यांना तिथं पूर्वी एकाच कामाला बोलवत, हलगी वाजवायला. दीक्षा घेतली त्या साली माझ्या सासऱ्यांनी हलगी खाली ठेवली ती ठेवलीच. मग हलगीवाले बाहेरगावाहून यायला लागले. पण सगुणाचा जीव कुस्तीत होता. तिचा बाप पैलवान, मामा पैलवान. लहानपणी तिनं बापाच्या अंगाला तेल चोळलं होतं, पण बापाची कुस्ती तिनंही पाहिली नव्हती.

कानानंच सगळं ओळखायची. हलगी दुडकी चालली की म्हणायची, नुसती हातघाई चाललीय. हलगी दाटून आली की पट काढला. लोकांचा 'हाऽ' आखूड आला की सुटला बघ. आणि सगळा डोंगर उठल्यासारखा ओरडा झाला की हातातलं कापड तसंच धरून म्हणायची, "पडला गं कुनाचा तरी ल्योक."

नवरा लवकर गेला. एकुलता एक कैलास. त्याला पुण्याच्या तालमीत घातला आणि म्हशींचं दूध लवळ्याच्या होस्टेलांना घालून त्याचा खुराक चालवला. पोरगा तयार झाला. ज्या वर्षी तो गावच्या आखाड्यात पहिल्यांदा मोठ्या जोडीत उतरला, त्या वर्षी धोंड्यावर आम्ही धुण्याचं सोंगसुद्धा केलं नाही. हलगी दाटली, ओरडा झाला, आणि सगुणा ताडकन उठली. माझा कैलासच जिंकला, मला त्याचाच आवाज आला म्हणाली. लोकांच्या ओरड्यात लेकाचा आवाज! पण आईला कोण सांगणार? घरी जाऊन आळीत दारोदार साखर वाटली. मलाही चिमूट जास्त दिली.

कैलास संध्याकाळी आला तो आंघोळ करून. केस ओले, अंग लख्ख. आम्ही उठून गेल्यावर त्याच धोंड्यावर बसून त्यानं पाठ धुतली होती. चितपट झालेल्याच्या पाठीला आखाड्याची लाल माती लागते, ती आईला दिसू नये म्हणून. आळीतल्या बायका साखरेचे हात पदराला पुसत बघत राहिल्या. सगुणा आत गेली आणि त्याच्यासाठी दुधातल्या शेवया केल्या.

तेव्हापासून तिला खूण कळली. पुढं तो गावोगावच्या जत्रा करायला लागला. बोलावणी यायची, चार महिने आज इथं तर उद्या तिथं. जिंकला की फेटा बांधून, छातीला गुलाल, दंडाला माती, तसाच दारात यायचा. हरला की कुठल्यातरी विहिरीवर, नळावर आंघोळ करून यायचा. सगुणानं कधी विचारलं नाही. पण ओल्या केसांनी आला की त्या दिवशी शेवया. इतकी वर्षं त्या पठ्ठ्याला वाटायचं, आपली आई लहर लागेल तेव्हा शेवया करते. एकदा मला म्हणाला, "काकी, मी हरून आल्यावर नेमक्या शेवया असत्यात, नशीब बघा." मी तोंडात तंबाखू होता म्हणून गप्प बसले.

तिला एकदा कुस्ती बघायची होती. डोळ्यांनी. माझ्याशी तेवढं एकच बोलायची, धोंड्यावरून उठताना. पुढच्या वर्षी जाऊ म्हणायची. पुढच्या वर्षी कुणीतरी वारायचं, कुणाचं तरी लग्न असायचं, नाहीतर तिचंच धाडस व्हायचं नाही.

असं करत कैलास पस्तिशीला आला. गुडघा कुरकुरायला लागला. त्या वर्षी होळीला त्यानं सांगितलं, आता हिंजवडीत कंपनीची गाडी चालवणार, पण त्याआधी गावच्या जत्रेत शेवटची कुस्ती करणार आणि आईला पुढं बसवणार, मग कोण काय म्हणतंय ते बघू. सगुणा माझ्याकडं येऊन विचारत होती, लुगडं कुठलं नेसू? मी म्हणाले, तुला कोण लंगोट लावून उभं करतंय? हिरवं काढून ठेवलं तिनं.

आणि मग तो रोग आला.

जत्रा बंद, आखाडे बंद, तालमी बंद. पुण्याची पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन गावोगाव परत. कंपनीच्या गाड्या माळावर रांगेनं उभ्या, चाकांतून गवत आलेलं. होस्टेलं बंद म्हणून लवळ्याला जाणारं दूधही घरात उरायला लागलं. जन्मभर दूध पुरलं नाही म्हणून रडलेल्या पैलवानाच्या घरात चरव्या भरून दूध, आणि कुस्तीच नाही. कुस्ती तरी कशी होणार हो? सहा फूट लांब उभं राहून पट कसा काढायचा? गावातली कुस्तीवेडी म्हातारी माणसं, जी टेम्पो करून तालुकाभर आखाडे पालथे घालायची, ती देवळाच्या पायरीवर लांब लांब बसून मोबाईलवर जुन्या कुस्त्या बघायची आणि वीस वर्षांपूर्वीच्या निकालावरून नव्यानं भांडायची.

जत्रेच्या दिवशी सगुणा सवयीनं धोंड्यावर आली. मीही गेले, मध्ये अंतर ठेवून बसले. हलगी नाही, ओरडा नाही. एक टिटवी तेवढी ओरडत होती. सगुणानं कपडे भिजवलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या वर्षी रोग पुन्हा उसळला, तेव्हा सगुणाच्या दारापर्यंत आला. कैलासला झाला आणि त्याचा जोडीदार, पलीकडच्या वाडीचा नथू पैलवान, त्यालाही त्याच आठवड्यात. दोघांना गावच्या शाळेत एकाच वर्गात ठेवलं होतं. बरे होऊन आले, पण कैलासला देवळाच्या पायऱ्या चढताना धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, दम भरेल हळूहळू. सगुणा मला म्हणाली, "गंगे, आता न्हाई व्हायची त्याची कुस्ती." हिरवं लुगडं ट्रंकेत गेलं.

चैत्र आला. पोलिसांनी पूजेपुरती पाच माणसांना परवानगी दिली. आता आमच्या भैरोबाचा एक रिवाज आहे. पूजेनंतर आखाड्यात एक नारळाची कुस्ती, बक्षीस नुसता नारळ, लागावी लागते. पहिल्या वर्षी ती चुकली आणि त्या वर्षात गावातली बरीच माणसं गेली. आम्ही असलं मानत नाही. पण माणसं गेली होती हे खरं, आणि गावकरी घाबरले होते. जत्रेचे कारभारी विश्रामआण्णा. त्यांच्या घरातलीच दोन गेली होती. त्यांनी ठरवलं, औंदा नारळाची कुस्ती चुकवायची नाही.

पण कुणाची? एकमेकांच्या अंगाला हात लावायला तयार कोण? शेवटी उरले कैलास आणि नथू. दोघांचा रोग एकदमच होऊन गेलेला, एकाच खोलीत राहिलेले. हलगीवालेही येईनात, तेव्हा आण्णा वस्तीत आले आणि आडून आडून विचारू लागले, जुन्या कुणाच्या हाताला अजून हलगी लागते का. आमचा नातू रत्नदीप पडवीत कंपनीचं काम करत होता. मी म्हणाले, "आण्णा, आमच्याकडं आता कीबोर्ड तेवढा वाजतो. चालंल का भैरोबाला?" आण्णा कसनुसं हसून गेले.

कैलासनं मात्र अट घातली. म्हणाला, गुरव, आण्णा, नथू आणि मी, ही चार झाली. पाचवी माझी आई. आण्णा म्हणाले, असं कधी झालं नाही, पाचवे सरपंच. सगुणाच्या ओट्यापाशीच हे चाललं होतं, म्हणून मी कानांनी ऐकलं. कैलास शांतपणानं म्हणाला, "मग आण्णा, लंगोट तुमी घाला आन् सरपंचांना म्हनावं नारळ फोडा." आण्णा सत्तरीचे, वर मधुमेह. बराच वेळ काठीनं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "तोंडाला फडकं बांधून यायला सांग तिला."

सगुणा भेदरली. लेकाला दम लागंल, कशाला हे, म्हणायला लागली. मी तिची ट्रंक उघडली आणि लुगडं तिच्या अंगावर टाकलं. मी त्या दिवशी धोंड्यावर एकटीच बसले. देवळाची घंटा वाजली आणि मग काहीच नाही. इतकी वर्षं नुसतं ऐकलं ते तिथं होतं, आणि आज ती बघत होती तर मला ऐकायलाही काही नव्हतं.

पुढचं तिनं सांगितलं, आणि उरलेलं नथूनं.

आखाड्याची माती दोन वर्षं उकरलेली नव्हती. या दोघांनीच सकाळी खणून, पाणी मारून जागा केली. आण्णांनी तिला कठड्यावर बसवलं, जिथं आमदार बसतात तिथं. समोर सगळे कठडे रिकामे, एक कुत्रं तेवढं. ठरलं असं होतं की हात मिळवायचे, दोन झटापटी करायच्या आणि बरोबरीत सोडायचं. पण माणसाला आई बघत असली की ठरलेलं राहत नाही. कैलासनं खरोखरीचा पट काढला. नथू सुटला. पुन्हा भिडले. सगुणा म्हणाली, मला काही समजंना, हलगी न्हाई, मानसं न्हाईत, नुसतं दोघांचं हुंकारनं, जनू दोन बैल चिखलात रुतल्यात. तिनं डोळे मिटून बघितलं, तरी समजेना. मग उघडले.

कैलासचा दम सुटत होता. छातीचा भाता वाजायला लागला तो तिला लांबून ऐकू आला. नथूच्या ते लक्षात आलं, तो ढिला पडला, आणि कैलास त्याच्या कानात म्हणाला, "सोडलीस तर बोलनार न्हाई तुज्याशी." मग नथूनं त्याला उचलला आणि पाडला. सरळ चितपट. दोन्ही खांदे मातीला.

कुणी ओरडलं नाही. कुत्रंसुद्धा नाही.

कैलास उठला आणि आईकडं न बघता ओढ्याच्या वाटेला लागला. सवयच ती. सगुणा कठड्यावरून खाली उतरली. आण्णा म्हणत होते, बाई आखाड्यात पाय ठेवू नका, अंतर ठेवा. तिनं दोन्ही ऐकलं नाही. मातीतून चालत जाऊन त्याला दंडाला धरून फिरवला आणि हिरव्या लुगड्याच्या पदरानं त्याची पाठ पुसायला लागली.

"कुटं निगालास धुवायला?" म्हणाली. "इतकी वरसं वल्या केसांनी येतोस, मला कळत न्हवतं व्हय?"

नथू सांगतो, कैलास तसाच उभा राहिला, पाठ आईकडं करून, आणि म्हणाला, "म्हंजे त्या शेवया..."

"मग काय, म्हशीला रेडकू झालं म्हनून करत हुते?"

पदराचा तो लाल डाग निघाला नाही. मी म्हटलं लिंबू लाव, तर म्हणाली, राहू दे.

आता आखाडा पुन्हा भरतो. पहिल्यापेक्षा मोठा. हिंजवडीची पोरं मोबाईल वर धरून कुस्त्या बघतात. गाड्या घोटावड्याच्या रस्त्यापर्यंत लागतात. कैलास पोरांना शिकवतो, दमही भरलाय त्याचा. बायकांसाठी पुढं खुर्च्या टाकतात, लाल कापडाच्या. परवाच्या जत्रेत विश्रामआण्णांनी स्वतः कर्ण्यावरून सगुणाबाईंनी पुढं यावं म्हणून पुकारलं. तीनदा पुकारलं.

ती माझ्याशेजारी धोंड्यावर होती. काखेत गाठोडं. मी म्हणाले, बये, जा की, आयुष्यभर रडलीस त्यासाठी. ती म्हणाली, "हितनं नीट दिसतंय." आणि कैलासचा जुना सदरा आपटायला लागली.

हलगी दाटली, डोंगर ओरडला. थोड्या वेळानं करंजांतून एक पैलवान खाली आला. अनोळखी, कुठल्या गावचा कोण जाणे. आम्हाला बघून घुटमळला, मग लांबच्या कडेला बसून ओंजळीनं पाठीवर पाणी मारायला लागला. पाठीच्या मध्यावर हात पोचत नव्हता.

सगुणा त्याला म्हणाली, "नगं धुऊ बाबा. तसाच जा घरी. कळतं तिला."

त्यानं मान डोलावली, आणि धुतलीच. सगळी, अगदी कानामागचीसुद्धा. मग शर्ट घालून निघून गेला.

मी सगुणाकडं पाहिलं. ती हसत होती.

"कैलासबी आयकला नसता," म्हणाली, आणि सदरा पिळला.