मालकांच्या मागून चालण्याचे पथ्य

निजामाचे राज्य जाऊन काही वर्षे लोटली असतील, तेव्हा परंड्याच्या सरकारी दवाखान्यात एक उत्साही तरुण डॉक्टर आले. गावातील बैठ्या मंडळींनी रोज पहाटे किल्ल्याच्या खंदकाभोवती झपझप चालावे, असा त्यांनी आग्रह धरला. शेतात राबणाऱ्यांना त्यांनी वगळले. उरलो आम्ही : गादीवर बसणारे, दुकानात बसणारे आणि माझ्यासारखे पोथीपुढे बसणारे.

आमचे फेरीचे मंडळ स्थापन झाले. मंडळ म्हटले की अध्यक्ष आले, आणि आमच्या गावात अध्यक्ष म्हणजे मालक. त्यांचे वतन गेले होते. मान मात्र कोणत्याही सरकारला खालसा करता आला नव्हता. पहिल्या दिवशी डॉक्टर त्यांच्या पुढे निघून गेले. परगावचे असल्याने त्यांना क्षमा झाली. दुसऱ्या दिवसापासून त्यांना दवाखान्यातून सवड मिळाली नाही आणि मंडळ आमच्या रीतीने चालू लागले.

रीत अशी, की मालकांच्या पुढे पाऊल पडता कामा नये. मालक दहा पावले चालत, कुणाचा तरी मुजरा घेत, त्याच्या घरची खुशाली विचारत, मागच्या गड्याकडून पान घेत. ते थांबले की आम्ही थांबायचे. उत्सवमूर्तीच्या पालखीलाही याहून अधिक वेग असतो, आणि मूर्ती वाटेत पान खात नाही. फेरीच्या शेवटी पाळीपाळीने एकेका घरी फराळ असे. त्यामुळे महिन्याभरात आम्हा सर्वांचे सदरे तंग झाले.

या श्रमांनी एकाच माणसाचे नुकसान होत होते. बाजारातले घड्याळजी माझे जुने स्नेही. त्यांना मधुमेह होता आणि डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले होते. रोज वेगाने चालला नाहीत तर दृष्टी जाईल, असे डॉक्टरांनी त्यांना बजावले होते. दृष्टी गेलेल्या घड्याळजीच्या घरी चूल कशी पेटायची? फराळाला ते हात लावीत नसत. पण मालकांना ओलांडून पुढे जाणे त्यांच्याही संस्कारात नव्हते.

एके सकाळी ते मला हळूच म्हणाले, "गुरुजी, ह्या चालीनं माझी साखर उतरत न्हाय, निस्ता सूर्य चढतोय."

दुसऱ्या दिवशी ते खंदकाभोवती उलट्या दिशेने निघाले. आता ओलांडण्याचा प्रश्नच नव्हता. एका फेरीत ते आम्हांला दोन-तीनदा समोरून भेटत आणि प्रत्येक वेळी मालकांना अदबीने सलाम करीत. आपला मान वाढला, असे समजून मालक संतुष्ट झाले. मलाही त्यांच्यासोबत जावेसे वाटे. पण किल्ल्यात देवालय आहे, आणि देवाला डाव्या हाताला ठेवून उलटी प्रदक्षिणा घालणे माझ्याच्याने होईना. मी मालकांच्या मागे प्रदक्षिणेचे पुण्य आणि पोटावरची चरबी, दोन्ही साठवीत राहिलो.

पावसाळा सरता सरता डॉक्टरांनी घड्याळजींना तपासले. साखर उतरली होती. दृष्टी होती तेथेच स्थिरावली होती. डॉक्टरांनी मंडळाचे तोंड भरून कौतुक केले आणि हार अर्थातच अध्यक्षांच्या गळ्यात पडला. घड्याळजींना दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा ते एवढेच बोलले, "मालक पुढं होते, म्हणूनच मला ही वाट सुचली."

मालकांनी त्यावर गंभीरपणे विचार केला आणि हा सारा दिशेचा गुण आहे, असा निष्कर्ष काढला. उद्यापासून मंडळाने उलटे फिरावे, अशी आज्ञा झाली. ही अप्रदक्षिणा होईल, असे मी नम्रपणे निवेदन केले.

"देवाला काय सांगायचं ते आम्ही सांगू," मालक म्हणाले. मग माझी दया येऊन त्यांनी मला एकट्याला जुन्या दिशेने फिरण्याची मोकळीक दिली.

एकटा मी राहिलो नाही. सकाळी घड्याळजी माझ्याच बाजूला उभे होते. मंडळ उलटे वळल्यावर त्यांना सुलट होणे भागच होते. आम्ही निघालो. समोरून मालकांची स्वारी आली, तसे सवयीने माझे पाय थांबले आणि हात जोडले गेले. घड्याळजींनी माझा दंड धरून मला पुढे ओढले.

"सलाम करताना मान लववायची, गुरुजी," ते म्हणाले, "पाय थांबवायचा न्हाय."