तीन शहरं, तीन काकू

"बोलत नाही फारशी. पण त्यामुळेच बरी वाटते," काकू फोनवर बहिणीला सांगत होत्या.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर ओला टॉवेल हातात घेऊन उभी होते. यॉर्कमधल्या त्या घराच्या भिंती इतक्या पातळ होत्या की खालची फोडणी वर बाथरूममध्ये ऐकू यायची.

"दुसरी बडबडी आहे, नागपूरची. ही पुण्याची, कॉन्व्हेंटची. स्वयंपाकाचं माहीत नाही, पण आपलं ताट धुऊन ठेवते. तुझ्या लेकाला साडेपाचला वेळ आहे का बघ. नुसतं व्हिडिओ कॉलवर बोलतील, त्यात काय."

साडेपाचला मला कॅथीड्रलमध्ये जायचं होतं.

मी आणि ही नागपूरची मैत्रीण लंडनमध्ये हाउन्सलोला एका शेअर्ड घरात राहतो. कमी खर्चात ऐतिहासिक शहरं बघायची, पाठीवर एकेक बॅग, ही कल्पना माझी. तिची अंमलबजावणी मैत्रिणीची. "हॉस्टेलमध्ये पैसे कशाला घालायचे बे? प्रत्येक गावात आपलं कोणीतरी असतंच," असं म्हणून तिने इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: दोन शांत, शाकाहारी मुली, फक्त झोपायला जागा हवी. ती शांत नाही आणि मी शाकाहारी नाही. पण तासाभरात कॅंटरबरी, बाथ आणि यॉर्कच्या तीन काकूंची उत्तरं आली. आम्हाला कोणीच ओळखत नव्हतं. एकीची जाऊ मैत्रिणीच्या मावशीच्या मागच्या गल्लीत राहायची. एवढं पुरलं.

झोपायला जागा मिळाली, हे खरं. फक्त जागेपणीचा वेळ त्यांनी ठेवून घेतला.

कॅंटरबरीत दहाला पोहे झाले, एकला जेवण, मग "जरा पडा, दमला असाल." आम्ही कशाने दमलो असू, हे त्यांनी सांगितलं नाही. कॅथीड्रलचा मनोरा स्वयंपाकघराच्या खिडकीतून छान दिसायचा. मी कोथिंबीर निवडता निवडता त्याचा फोटो काढला. त्यात पुढे सिंकचा नळ आहे आणि मागे काही शतकांचा इतिहास. आम्ही तिथे पोचलो तेव्हा दार बंद झालं होतं. मैत्रिणीने दाराबरोबर सेल्फी काढला.

निघताना काकूंनी भाजणीचा डबा दिला. "बाथला चाललाच आहात, तर तिला द्या." बाथच्या काकूंनी भाजणी काढून घेतली, डबा घासला आणि त्यात लिंबाचं लोणचं भरलं. आपल्याकडे डबा रिकामा परत जात नाही. आमचा तर परतही जात नव्हता, नुसता पुढे जात होता. शिवाय त्याच्या सोबतीला मेतकुटाचा आणि चिवड्याचा असे आणखी दोन आले. त्यांना जागा करायला मी माझं जाडजूड गाइडबुक बाथमध्येच सोडलं. काकू म्हणाल्या, "ठेव गं, डुगडुगत्या टेबलाखाली बरोबर बसेल."

बाथमध्ये सत्यनारायण होता. "तुमच्या पायगुणाने मुहूर्त लागला," असं म्हटल्यावर कोण उठून जाणार? मी दोन तास शिऱ्यासाठी रवा भाजला. रोमन लोकांची स्नानगृहं आम्ही बाहेरच्या रांगेपर्यंत जाऊन पाहिली.

"पाण्याला हात लावता येतो?" मैत्रिणीने विचारलं.

"नाही."

"मग तिकीट काढून आत जाऊन काय करायचं?"

कॅथीड्रलचं मात्र तसं नव्हतं. तिथे संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी गायकवृंद गातो आणि आत जायला पैसे पडत नाहीत. मी मैत्रिणीला हे दोनदा सांगितलं, कारण फुकट हा एकच मुद्दा तिला पटतो. खरं कारण सांगितलं नाही. शाळेत सहा वर्षं मी कॉयरमध्ये मागच्या रांगेत होते. पहिल्या दिवशी बाईंनी माझ्या तोंडाजवळ कान आणला, थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव." मी सहा वर्षं ओठ हलवले. सर्टिफिकेटही मिळालं. ती सगळी गाणी मला पाठ आहेत, फक्त माझ्या आवाजात ती मी कधी ऐकलेली नाहीत. एकदा कुठेतरी, जिथे ती नीट गातात तिथे, बसायचं होतं. हे मैत्रिणीला सांगितलं असतं तर तिने काकूंना सांगितलं असतं आणि काकूंनी आरतीनंतर मला गायला पुढे बसवलं असतं.

कॅंटरबरीची संध्याकाळ भज्यांत गेली, बाथची पूजेत. यॉर्कमधली ही शेवटची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची परतीची बस होती.

मी खाली गेले तेव्हा मैत्रीण थालीपीठ खात होती. काकूंनी माझ्यासाठी तव्यावर दुसरं थापलं.

"ये बाळ, बस. केस नीट वाळव. आणि संध्याकाळी जरा बरा ड्रेस घाल हं. साडेपाचला माझा भाचा फोन करणार आहे. लंडनजवळ स्लाऊला असतो, स्वतःचं घर आहे. तसं काही नाही, नुसती ओळख."

मी मैत्रिणीकडे पाहिलं. तिने घास गिळला. "हो हो काकू, बोलेल की ती. तिला आवडतं नवीन लोकांशी बोलायला."

आमच्या ओळखीला तीन वर्षं झाली होती.

ताटं घासताना मी तिला हळूच म्हटलं, "मला कॅथीड्रलला जायचंय."

"पुढच्या वेळी जाऊ ना."

"पुढच्या वेळी कधी?"

"अगं, दहा मिनिटांचं काम आहे. त्यांनी आपल्याला ठेवून घेतलं, एवढं खाऊ घातलं, बरं दिसतं का? आणि तुला काय करायचंय, नुसतं हो-हो म्हणायचं. तू नेहमी तेच करतेस ना?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की हे काम मला जमण्यासारखं आहे, आणि तीन शहरांचा पुरावा तिच्या बाजूने होता. मी शांत राहिले म्हणून मला संस्कारी ठरवलं गेलं. आणखी दहा मिनिटं शांत राहिले असते तर बहुधा याद्या झाल्या असत्या.

पाचच्या सुमाराला काकूंनी टॅब्लेट फळांच्या टोपलीला टेकवून उभा केला. मागचं वाळत घातलेलं फडकं काढलं, दिवा लावला, पडदा थोडा सरकवला. "इथे बस. इथे चेहऱ्यावर उजेड छान येतो." मग त्यांची नजर खाली गेली. "अगं, घरात बूट का घातलेस?"

मैत्रीण माझ्यासाठी उत्तर द्यायला नेहमीप्रमाणे पुढे आली. "काकू, तिला ना थंडी—"

"थंडी नाही," मी म्हटलं. आवाज बारीक होता, पण दोघी थांबल्या. "काकू, मी कॅथीड्रलमध्ये गाणं ऐकायला चाललेय. तुमच्या भाच्याशी मला बोलायचं नाही. आणि जेवायला माझी वाट बघू नका."